'वयाचा खोकला' नावाचा आजार नाही

पहाटेचे चार वाजलेले असतात. पडवीतल्या बाजेवर ढास सुरू होते. एकदा, दोनदा, मग ती थांबतच नाही. सून उठून कोमट पाण्याचा पेला हातात देते. आजी दोन घोट घेते, उशाशी ठेवलेल्या डब्यातल्या राखेत थुंकते आणि गुडघे पोटाशी घेऊन पुन्हा कुशीवर होते. सकाळी कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मले काई नाई झालं बाप्पा, वय झालं आता." घाटंजी असो, आर्णी असो, मारेगाव असो की झरी जामणी, यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात हे वाक्य कानावर पडतं. घरातलेही मान हलवतात. केस पिकले, दात पडले, तसा खोकलाही लागला, असा सगळ्यांचा समज.

या समजापायी माणसं हातची जातात. म्हणून सुरुवातीलाच सांगायला हवं की वैद्यकशास्त्रात 'वयाचा खोकला' नावाचा आजार नाही. खोकल्यामागे कारण असतं, आणि नीट शोधलं तर बहुतेक वेळा ते सापडतं. कधी ते फुप्फुसात असतं, कधी चुलीत, कधी शेतात किंवा खाणीत, तर कधी रोज सकाळी घेतल्या जाणाऱ्या गोळीत.

एका खोकल्यात काय काय घडतं

नाकापासून फुप्फुसांच्या खोल फांद्यांपर्यंत श्वासमार्गाला आतून ओलसर अस्तर असतं. त्यावर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. भातशेतीवरून वारा जावा तसे ते सेकंदाला दहा-वीस वेळा लवतात आणि धूळ, जंतू, कफ घशाकडे सरकवत राहतात. हा रोजचा झाडू. झाडूला आवरत नाही तेव्हा खोकला येतो.

धूर, धूळ, कफ किंवा पोटातलं आम्ल अस्तराला लागलं की व्हेगस नावाच्या लांबलचक नसेतून मेंदूच्या बुंध्यापर्यंत निरोप जातो. तिथून हुकूम सुटतो. माणूस खोल श्वास घेतो, स्वरयंत्राचं दार सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यापुरतं घट्ट मिटतं, पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू आवळतात आणि छातीतला दाब पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरपर्यंतही चढू शकतो. रक्तदाब मोजताना वरचा आकडा १२० च्या आसपास असतो, हे आठवलं की या दाबाची कल्पना येते. मग दार उघडतं आणि हवा झपाट्यानं बाहेर पडते.

याच व्हेगस नसेची एक छोटी फांदी कानाच्या नळीत जाते. म्हणून कान कोरताना काहींना ठसका लागतो, आणि क्वचित कुणाचा महिनोन्‌महिने चाललेला कोरडा खोकला कानातला घट्ट मळ काढल्यावर थांबतो. खोकल्याच्या रुग्णाच्या कानात डॉक्टर बॅटरी लावून पाहतात ते याचसाठी.

वय वाढतं तेव्हा

वयाचा छातीवर परिणाम होतो, यात शंका नाही. पंचविशी-तिशीनंतर पहिल्या सेकंदात जोरानं बाहेर फेकता येणारी हवा दरवर्षी साधारण ३० मिलिलिटरनं कमी होते. तिशी ते सत्तरी या चाळीस वर्षांत सव्वा लिटरच्या आसपास घट झाली. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ज्यांची फुप्फुसं नाजूक असतात, त्यांच्यात ही घसरण जवळजवळ दुप्पट वेगानं होऊ शकते. बरगड्यांचा पिंजरा कडक होतो, श्वासाचे स्नायू दुबळे होतात, अस्तरावरचे केस मंदावतात.

मात्र यातली एकही गोष्ट आपणहून खोकला आणत नाही. उलट वयाबरोबर खोकल्याचा जोर कमी होतो, आणि अनेकांत ठसक्याची जाणीवही बोथट होते. तरुणाला पाण्याचा एक थेंब चुकीच्या नळीत गेला तरी जोराचा ठसका लागतो. अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या आजोबांच्या श्वासनळीत पेजेचा घोट उतरला तरी कधी कधी काही कळत नाही. म्हातारपणी न्यूमोनिया झाला तर खोकला अनेकदा नावापुरताच असतो, तापही नसू शकतो. आजोबा एकाएकी असंबद्ध बोलायला लागले, जेवण सुटलं, झोपूनच राहिले, एवढंच दिसतं.

म्हणजे गणित आपण समजतो त्याच्या उलट आहे. ज्या वयात खोकल्याची यंत्रणा मंद व्हायला हवी, त्या वयात ती रात्रंदिवस चालू असेल, तर तिला चेतवणारं काहीतरी नक्की आहे. साठीच्या पुढचा चिवट खोकला विशीतल्या खोकल्यापेक्षा जास्त गांभीर्यानं घ्यायला हवा.

त्याचे हालही म्हाताऱ्या शरीरालाच जास्त होतात. हाडं ठिसूळ झालेल्या बाईची बरगडी नुसत्या खोकण्यानं मोडू शकते. ढास लागता लागता भोवळ येऊन माणूस पडू शकतो. आणि एक त्रास असा की त्याबद्दल बायका कोणाजवळच बोलत नाहीत: खोकताना लघवीचे थेंब गळतात. मग आजी लग्नाला जात नाही, भजनाला जात नाही, एसटीत बसायचं टाळते. घरच्यांना वाटतं, तिचं मन उडालं. तिला फक्त लाज वाटत असते. यावर उपाय आहेत, म्हणून डॉक्टरांना हे सांगायलाच हवं.

दोन आठवडे आणि आठ आठवडे

खोकल्याचा विचार करताना कॅलेंडर हाताशी हवं. सर्दी-पडशानंतरचा खोकला सहसा तीन आठवड्यांत जातो. एखाद्या विषाणूची ढास आठ आठवड्यांपर्यंतही रेंगाळते. मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांच्या वर गेला की डॉक्टर त्याला जुनाट खोकला म्हणतात.

आपल्याकडे मात्र आठ आठवडे वाट पाहायची नाही. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाचा नियम साधा आहे: दोन आठवडे किंवा त्याहून जास्त खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी करायची.

रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ रोजी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. आज औषधं हाताशी असूनही २०२३ मध्ये जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे २६ टक्के भारतात होते. २०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात, लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेले नव्हते, असं आढळलं. कारण विचारल्यावर बहुतेकांचं सांगणं होतं की आम्ही लक्षणांकडे दुर्लक्ष केलं. "वय झालं आता" हे वाक्य आकड्यांत मांडलं की ते असं दिसतं. याच सर्वेक्षणात आणखी एक गोष्ट पुढे आली. छातीचा एक्स-रे काढला नसता, तर सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के निसटले असते, कारण सांगण्याजोगी लक्षणं त्यांना नव्हतीच.

म्हाताऱ्या माणसाचा क्षय पुस्तकातल्यासारखा दिसत नाही. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, रक्ताची गुळणी यांतलं काहीच नसू शकतं. नुसती भूक मंदावते, सदरा ढगळ होतो, आणि बारीकसा खोकला राहतो. मधुमेह असेल तर क्षयाचा धोका दुपटी-तिपटीनं वाढतो.

तपासणीत सगळं अडतं ते बेडक्यावर. पुष्कळ जण डबीत नुसती थुंकी देऊन येतात. थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि अहवाल 'काही नाही' असा येतो. बेडका सकाळी उठल्यावर द्यावा. आधी साध्या पाण्यानं चूळ भरावी, दोन-तीन खोल श्वास घ्यावेत आणि छातीच्या तळातून खोकून घट्ट कफ डबीत घ्यावा. हे उघड्यावर, इतरांपासून दूर उभं राहून करावं. सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट यांसारख्या यंत्रांवर जंतू आहे का आणि मुख्य औषधाला तो दाद देतो का, हे काही तासांत कळतं. औषध साधारण सहा महिने चालतं आणि सरकारी व्यवस्थेत ते मोफत आहे. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाला आहारासाठी महिना ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. गावातल्या आशाताईंना यातलं सगळं माहीत असतं.

पूर्वी क्षय होऊन बरा झालेल्यांनाही वर्षानुवर्षं खोकला राहू शकतो. जंतू गेलेला असतो, पण फुप्फुसावर व्रण उरतात, श्वासनळ्या जागोजागी फुगतात आणि त्यांत कफ साचतो. अशा माणसाला दर वेळी पुन्हा क्षयाचं औषध सुरू करणं चूक आहे. बेडक्याची तपासणी करूनच ठरवायला हवं.

चुलीपुढची तीस-चाळीस वर्षं

विडी न ओढलेल्या आजीला विडी ओढणाऱ्यासारखा आजार होतो, तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात जाऊन पाहावं.

यवतमाळ कापसाचा जिल्हा. वेचणी आटोपली की शेतातली पऱ्हाटी उपटून घराशेजारी रचली जाते, तुरीच्या तुराट्या येतात, गोवऱ्या असतातच. वर्षभराचं जळण फुकटात झालं. पऱ्हाटी पोकळ नसते पण हलकी असते. भुरकन पेटते, झटकन विझते. त्यामुळे भाकरी भाजणारी बाई सारखी वाकून फुंकणीनं जाळ करत बसते. फुंकण्याआधी ती खोल श्वास घेते, आणि तो श्वास ती धुरातूनच घेते. पावसाळ्यात जळण ओलं झालं की धूर दुप्पट. घराला खिडकी लहान, वर कौलं किंवा पत्रा, त्यांवर काजळीचा थर. तोच थर दुसऱ्या रूपात तिच्या छातीत बसलेला असतो.

असा धूर वर्षानुवर्षं गेला की श्वासनळ्या सुजतात, अरुंद होतात, कफ वाढतो आणि फुप्फुसाच्या नाजूक पिशव्या फाटत जातात. यालाच सीओपीडी म्हणतात. तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर सविस्तर लिहिलं आणि चुलीच्या धुराकडे जगाचं लक्ष वेधलं. तोवर हा आजार म्हणजे सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा, असाच समज होता.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सिलिंडर गावोगावी पोचले. पण चहा गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचं पाणी, ढोरांचं खाणं चुलीवर, अशी वाटणी अजून पुष्कळ घरांत आहे. सिलिंडर महाग पडतो, हे खरंच आहे. सगळी चूल बंद होत नसेल तर निदान पाण्याची चूल अंगणात न्यावी, स्वयंपाकघराच्या छपराला धुराडं काढावं, आणि ज्यांना खोकला आहे त्यांना धुरापासून उठवावं. रात्री डासांसाठी बंद खोलीत लावलेली कॉइल हाही धूरच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. खोकणाऱ्या माणसाच्या उशाशी मच्छरदाणी बरी.

सीओपीडी ओळखायची खरी चाचणी म्हणजे स्पायरोमेट्री. माणूस छातीभर श्वास घेतो आणि नळीत सर्व ताकदीनं सोडतो. एकूण सोडलेल्या हवेपैकी पहिल्याच सेकंदात किती बाहेर आली, ते यंत्र सांगतं. श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध दिल्यानंतरही हा वाटा ७० टक्क्यांच्या खाली राहिला तर नळ्या आकसल्या आहेत असं समजतात. चाचणीला सुई नाही, वेदना नाही. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयात गेलात की तिच्याबद्दल आवर्जून विचारा.

कापूस, कुटार, कोळसा, चुना

पुरुषांच्या छातीची गोष्ट बहुतेक वेळा त्यांच्या कामात सापडते. डॉक्टर "काय काम करता?" असं विचारतात तेव्हा आजोबा म्हणतात, "आता काही नाही, घरीच असतो." तिथंच दुवा तुटतो. खरा प्रश्न आहे, "आयुष्यभर काय काम केलंत?"

मूर्तिजापूर ते यवतमाळ ही 'शकुंतला' रेल्वे इंग्रजी अमदानीत इथला कापूस वाहून नेण्यासाठी टाकली गेली, इतका हा जिल्हा कापसाशी बांधलेला आहे. जिनिंगमध्ये रेच्यांवर सरकी आणि रुई वेगळी होते तेव्हा हवेत तंतूंबरोबर वाळक्या पाल्याचा भुगा आणि त्यावरच्या जिवाणूंचे विषारी अंश उडतात. त्यातून होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सूतगिरण्यांत तो जास्त आढळतो. त्याची खूण अशी की आठवड्याच्या सुटीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि पुढच्या दिवसांत जरा सैल होते. वर्षानुवर्षं काम केल्यावर आवळणं रोजचंच होतं.

सोयाबीनची मळणी हा दुसरा प्रसंग. थ्रेशरच्या तोंडाशी उभा असलेला माणूस कुटाराच्या धुळीत डोक्यापासून पायापर्यंत माखतो. ओल लागून बुरशी धरलेलं कुटार असेल तर त्या बुरशीची धूळ फुप्फुसाला सूज आणू शकते. काम संपल्यावर चार-सहा तासांनी ताप, कोरडा खोकला आणि दम लागतो आणि लोक त्याला हिवताप समजतात. वणी परिसरात कोळशाच्या खाणी आहेत, राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत, ठिकठिकाणी गिट्टीच्या खदानी आहेत. कोळशाची आणि दगडाची बारीक पूड एकदा फुप्फुसात रुतली की नोकरी सुटल्यावरही तिथंच राहते. त्रास कित्येक वर्षांनी सुरू होतो. खाणकामगारांचा हा आजार कायद्यानं अधिसूचित आहे आणि त्यासाठी भरपाई मागता येते. म्हणून निवृत्त कामगारांनी जुने कागद जपून ठेवावेत.

फवारणीचं दुःख या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. २०१७ च्या हंगामात कीटकनाशकांच्या विषबाधेनं जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती तातडीची विषबाधा होती. पण ज्यांची छाती आधीच नाजूक आहे, त्यांना फवारणीच्या वासानंही ढास लागते. घरातल्या साठीपुढच्या माणसाच्या पाठीवर पंप चढवू नये.

आणि खर्रा. त्यातल्या तंबाखूनं तोंडाचा कर्करोग होतो हे आता लोकांना कळू लागलं आहे. त्यातली सुपारीही निर्दोष नाही. तिच्यातल्या अरेकोलीन या द्रव्यानं काही दमेकऱ्यांच्या श्वासनळ्या आकसतात, असं अभ्यासांत दिसलं आहे.

गोळ्यांचा डबा उघडा

काही घरांत खोकल्याचं कारण देवघराशेजारच्या प्लॅस्टिकच्या डब्यात असतं. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांची नावं 'प्रिल'नं संपतात: एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल. औषधं चांगली आहेत, त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. पण ही गोळी ज्या विकराला अडवते, तो विकर शरीरातलं ब्रॅडीकायनीन नावाचं द्रव्यही मोडत असतो. तो अडला की हे द्रव्य श्वासमार्गात साचतं आणि घशात सतत खवखव होते. शंभरातल्या पाच ते वीस जणांना असा कोरडा खोकला लागतो, बायकांना जास्त. गोळी सुरू केल्यावर काही दिवसांनी लागतो, कधी काही महिन्यांनीही, म्हणून दोन्हींचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही.

गोळी बदलली की खोकला साधारण एक ते चार आठवड्यांत जातो, काहींना तीन महिनेही लागतात. त्याऐवजी 'सार्टन'नं संपणाऱ्या गोळ्या देता येतात. मात्र गोळी स्वतःहून बंद करायची नाही. रक्तदाब एकाएकी चढला तर खोकल्यापेक्षा मोठं संकट येईल. डॉक्टरांकडे जाताना सगळा डबाच बरोबर न्यावा. काचबिंदूचे थेंबही न्यावेत, कारण टिमोलॉलसारखे थेंब डोळ्यात घातले तरी दमेकऱ्याची छाती भरू शकते.

नाक, जठर, हृदय आणि घास

एक्स-रे स्वच्छ असेल, धूर-धुळीचा आणि 'प्रिल'चा संबंध नसेल, तर जुनाट खोकल्याची तीन नेहमीची कारणं उरतात. पहिलं नाक. जुनी सर्दी किंवा सायनस, त्यातला शेंबूड घशामागे उतरतो आणि माणूस सारखा खाकरतो. दुसरं दमा. तो म्हातारपणीही नव्यानं सुरू होऊ शकतो आणि कधी दम न लागता नुसता खोकला म्हणूनच येतो, विशेषतः रात्री आणि पहाटे. तिसरं जठरातलं आम्ल. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं झालं की आम्ल वर चढतं. छातीत जळजळ होईलच असं नाही, खोकला आणि बसलेला आवाज एवढंच दिसू शकतं. झोपण्यापूर्वी तीन तास जेवण उरकणं आणि खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा देणं, हा बिनपैशाचा उपाय आहे.

आडवं झाल्यावर खोकला वाढतो, उठून बसल्यावर बरं वाटतं आणि पायांवर सूज आहे, असं असेल तर हृदयाकडे पाहायला हवं. जेवताना, विशेषतः पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याकडे. अशा माणसाला झोपवून भरवू नये. ताठ बसवावं, लहान घास द्यावेत, गिळताना हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगावी, जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवावं. कवळी रोज धुवावी, कारण तोंडातले जंतूच पुढे फुप्फुसात उतरतात.

बाटली, अडुळसा आणि पंप

खोकला आला की पहिला हात औषधाच्या बाटलीकडे जातो. अशा अनेक बाटल्यांत गुंगी आणणारं द्रव्य असतं. वृद्धांना त्यानं रात्री उठताना तोल जातो, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडते. कोडीनची बाटली बद्धकोष्ठ करते आणि तिची सवयही लागते. ओल्या खोकल्याला दाबून टाकलं तर कफ आतच राहतो.

घरगुती औषधांना कमी लेखायचं कारण नाही. कुंपणावरच्या अडुळशाच्या पानात व्हॅसिसीन असतं, आणि त्याच्याच रचनेवरून १९६० च्या दशकात ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध बनलं. आजीचा अडुळसा असा जगभरच्या औषधालयांत गेला. पण ज्येष्ठमध सतत चघळला तर रक्तदाब चढतो आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाच्या रुग्णानं तो रोज घेऊ नये. गोड काढे घेताना मधुमेहाचं भान ठेवावं. मुख्य म्हणजे, काढ्यानं बरं वाटलं म्हणून दोन आठवड्यांचा नियम पुढे ढकलायचा नाही.

श्वासातून औषध घ्यायच्या पंपाबद्दल सगळ्यात जास्त भीती आहे: "एकदा लागला की सुटत नाही." सॅल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते, पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत चाळीस फवाऱ्यांइतकं औषध. गोळी सगळ्या अंगात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट नळीत जातो. पंप उशिरा-उशिरापर्यंत टाळला की आजार वाढतो, आणि मग पंप सुटत नाही असं वाटतं. बोटांत जोर नसलेल्या वृद्धांसाठी स्पेसर नावाची नळकांडी मिळते, तिच्यातून श्वास घेणं सोपं पडतं. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरावी. दरवर्षी फ्लूची लस आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं न्यूमोनियाची लस घेतली तर छाती बिघडायचे प्रसंग कमी होतात.

कधी थांबायचं नाही

बेडक्यात रक्त, वजनात घट, तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज, बसल्या जागी लागणारा दम, छातीत दुखणं, ताप, पायांवर सूज, एकाएकी आलेला गोंधळ, किंवा अनेक वर्षं विडी ओढलेल्या माणसाच्या जुन्या खोकल्याचा बदललेला सूर: यांतलं एकही असेल तर दोन आठवडेही वाट पाहू नका. फुप्फुसाचा कर्करोग लवकर सापडला तर तो बरा होण्याची शक्यता जास्त असते.

दवाखान्यात जाताना चार गोष्टी बरोबर न्या: खोकला कोणत्या तारखेला सुरू झाला, तो दिवसा जास्त की रात्री, सगळ्या गोळ्यांचा डबा, आणि आयुष्यभर केलेल्या कामांची यादी. त्या यादीत आजीची चूल विसरू नका. तिनं ते काम कधी काम म्हणून मोजलेलं नसतं.

आज रात्री घरातलं कोणी खोकत असेल, तर सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल करा. चौदा दिवसांनंतरही खोकला चालूच असेल, तर "वय झालं" म्हणू नका. त्यांना घेऊन दवाखान्यात जा.